चौदा नंबर

खुर्ची आधी उलटी करायची.
बसायचं नंतर, दर विचारायचा त्याहून नंतर.
हे मला रंकाळवेशीतल्या दौलू पॉलिशवाल्यानं शिकवलं,
त्याच्या नखांत चपड्याची लाख कायमची मुरलेली.
तोंड सगळेच रंगवतात, म्हणायचा,
तू पोट बघ.

पोटावर हातकरवतीच्या रेघा तिरक्या, कमीजास्त असतात.
गिरणीतली चकती चंद्रकोरी उमटवते,
चंद्रकोर दिसली की दर निम्मा.
किड्याचं भोक आत जाऊन वळतं,
ड्रिलचं वळत नाही.
शंभर वर्षांचं गोल टेबल गोल नसतं,
आडव्या अंगानं बोटभर आकसतं,
टेप दोनदा लाव.
आणि काळ्या पडलेल्या पितळेवर जीव टाकू नको,
नवसागर लावून उकिरड्यात समया
मी स्वतः पुरल्यात,
असं म्हणून हसायचा, आणि हसला की खोकायचा.

आज लक्ष्मीपुरीत, धान्याच्या गोदामामागं,
इलाही शिकलगारच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पोत्यांखालून एक सिंहासन निघालं.
हातांच्या जागी दोन सिंह, एकाचा जबडा उडालेला.
पाठीवर मोर. सोनेरी वर्ख.
"राजवाड्यातलं हाय. वडलांनी घेतल्यालं.
ह्याच्यावर राजा बसल्याला, ताई.
माझा बाप खोटं बोलत नव्हता."
बेचाळीस हजार.

मी काही बोलले नाही.
हे गाव दूधसुद्धा
गंगावेशीत म्हैस समोर पिळून घेतं,
फेस मिशीला लागल्यावर पैसे काढतं.
इलाहीला म्हटलं, धरा त्या बाजूनं.

हलकं लागलं. फारच हलकं.
सागवान उचलताना माणूस वाकतो,
हे तर खोक्याच्या फळीसारखं उठलं.
आंबा.
सिंहाच्या जबड्यात प्लास्टर,
प्लास्टरात काथ्या.
कुसू नाही, खाच नाही, नुसते तारेचे खिळे,
घाईनं ठोकलेले,
दोन वाकले ते वाकलेलेच ठेवलेले.
आणि मागं
काहीच नव्हतं.
वर्ख नाही, मोर नाही, रंधासुद्धा फिरवलेला नाही.
उघडी फळी, तिच्यावर डांबरानं
चौदाचा आकडा,
आणि शेजारी खडूनं, पुसट:
दरबार. डावीकडून.

तिसऱ्यांदा वाचल्यावर उजेड पडला.
मागून कुणी बघणारच नव्हतं.
कॅमेरा पुढं होता.

इलाहीला सांगितलं.
जुन्या स्टुडिओतलं सामान, लिलावात गेलं असेल,
वडलांना कुणीतरी अर्धं खरं सांगितलं असेल.
तो पोत्यावर बसला.
विडी काढली, पेटवली नाही.
मला वाटलं, आता बापाला शिवी घालेल,
मी नजर त्या वाकड्या खिळ्यांकडं वळवली.

"म्हंजे राजा बसला व्हता का न्हाई?"
बसला होता.
"मुकुट घालून?"
बहुतेक.
"समोर परधान, भालदार, समदं?"
असणार.
"मग पंचेचाळीस."

दोनदा चहा आला.
मी दोनदा उठून दारापर्यंत गेले,
दुसऱ्यांदा त्यानं हाक मारली नाही,
मग मीच चप्पल विसरल्याचं सोंग केलं.
एकोणीसवर तुटलं.
पैसे मोजताना तो म्हणाला,
जबडा नीट करा, सिंव्ह हाय त्यो.
करीन म्हटलं. करणार नाही.

टेम्पोत तोंड आत, पाठ रस्त्याला.
गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या,
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
कट्ट्यावर एक म्हातारा
ग्लास ओठाशी धरून
त्या उघड्या फळीकडं बघत होता.
कितीचं घेतलं, त्यानं विचारलं.
मी सांगितलं.
त्यानं दूध संपवलं, मिशी पुसली,
उठून टेम्पोजवळ आला
आणि वाकून
खालून बघायला लागला.