कुइक्कालाहतीचं घर

यार्क्को म्हणाला, नुसतं बघून येऊ,
बघायला काय पैसे पडतात?
पडतात.
व्हान्ताहून साडेतीन तास, अर्धी टाकी पेट्रोल,
आणि ओत्सोची एक उलटी, मिक्केलीच्या अलीकडे.

घर पिवळं. पाच पायऱ्या, त्यातली एक नवी.
ताउनो केम्पाइनेन, वय ब्याऐंशी, दारातच उभा होता.
हातमोजा काढून हात मिळवला
आणि विकणाऱ्यानं कधी करू नये ते सुरू केलं:
इथं गळतं.
हे दार जुलैत फुगतं, खांदा लावावा लागतो.
विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव आहे, होते सवय,
मला साठ वर्षं लागली.

खिडकीतून तळं दिसत होतं.
नोव्हेंबर संपत आला तरी गोठलं नव्हतं,
काळं, जड,
बोलायचं ठरवून गप्प राहिलेल्या माणसासारखं.

मग शाळा.
सिन्निक्काबाईंनी वर्ग दाखवले, करवती दाखवल्या, स्की दाखवल्या,
पण डोळे सारखे माझ्या पोरांवर.
तेवीस मुलं आहेत, त्या म्हणाल्या,
नगरपालिकेला पंचवीस हवीत.
पुढे काहीच बोलल्या नाहीत.
वेलदोड्याचे बन काढले, दोनच,
आणि एक ओत्सोच्या हातावर, एक व्हिल्याच्या.
मला उगाचच वाटलं, तराजूचं पारडं हललं.

दवाखाना मंगळवारी आणि गुरुवारी.
मी पंधरा वर्षं रात्रपाळीची नर्स,
मला हसूच आलं:
म्हणजे इथं आजारपणानं वार बघून यायचं.
यार्क्को नाही हसला. तो मनातल्या मनात
आमचे अडुसष्ट चौरस मीटर विकत होता,
वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनच्या धडधडीसकट.
इथं त्याला बोट दिसत होती. गॅरेज दिसत होतं.
त्याचा चेहरा इतका मोकळा
मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता,
आणि ह्याच गोष्टीचा मला राग येत होता.

व्हिल्यानं दिवसभरात एकच प्रश्न विचारला.
होदान येईल का इथं?
होदान म्हणजे खालच्या मजल्यावरची, पहिलीपासूनची,
जिच्या घरी ही सांबुसे खाते
आणि आमच्या घरी येऊन जेवायला नाही म्हणते.
कुणीच उत्तर दिलं नाही. सुट्टीत येईल, असं
मी म्हणणार होते. तेही नाही म्हटलं.

निघताना ताउनोनं स्वयंपाकघरातली वही दाखवली.
खिळ्याला सुतळीनं टांगलेली.
तळं कधी गोठलं, बर्फ कधी फुटला,
दर वर्षाला एक ओळ, १९६१ पासून.
सुरुवातीला नोव्हेंबर, नोव्हेंबर, पुन्हा नोव्हेंबर.
मग डिसेंबर.
शेवटच्या पानावर एकदा चक्क जानेवारी.
मधे कुठंतरी: २ डिसेंबर, गोठलं. आउने गेली.
त्याच अक्षरात. त्याच ओळीत.
ही विकायची नाही, तो म्हणाला.
ही घराबरोबर जाते.

चष्मा सापडेना म्हणून त्यानं मलाच सांगितलं,
तुमचा फोन नंबर मागच्या पुठ्ठ्यावर लिहा.
लिहिला.
आकडे नेहमीपेक्षा जरा मोठे काढले.

परतीच्या वाटेवर, पेट्रोल पंपाच्या पिवळ्या उजेडात
पाकीट शोधताना खिशात काहीतरी लागलं.
पेन्सिल. बोटाएवढी. दोन्हीकडून टोक काढलेली,
मधोमध दातांचे व्रण.

पोस्टानं पाठवून दे, यार्क्को म्हणाला,
पण माझ्याकडे न बघता म्हणाला.
हो, मी म्हटलं. लिफाफा आणायला हवा.
रेडिओवर हवामान चाललं होतं,
गुरुवारपासून उणे अकरा.
त्याच्याकडे दुसरी असेलच की.
असेल, तो म्हणाला.

मागे दोघंही झोपली होती, बनचे कागद मुठीत.
मी पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली,
जरा तिरकी,
टोक मोडू नये अशी.