मिसिंग

दारुखान्यात, जिथं तोडलेल्या जहाजांच्या साखळ्या
किलोवर विकतात, त्या गल्लीच्या टोकाला
दिलावर परकारांचं गॅरेज.
तिथं पाचव्यांदा घेऊन आले तिला:
दोन सीटा, कापडी छप्पर, फायबरचं अंग,
लाल रंग ऊन खाऊन विटलेला.
पहिल्या बोनसची खरेदी. तेव्हा सगळे म्हणाले,
दोनच सीटा? पुढं काय करशील?
पुढं काही केलं नाही. दुसऱ्या सीटवर
तेवीस वर्षं ऑडिटच्या फायली बसल्या.

तक्रार एकच. लाल सिग्नलला उभी राहिली की
कधीतरी, म्हणजे रोज नाही,
मंगळवारी नाही, शुक्रवारी दोनदा,
स्लो बिघडतो. थरथर स्टिअरिंगमधून कोपरापर्यंत,
आरशातली मागची बस दुप्पट होते,
काटा आठशेवरून पाचशेला, उसळून नऊशेला,
आणि हिरवा पडून निघालो की
काही झालंच नव्हतं.

गॅरेजात शिरली की इन्स्पेक्शनच्या दिवशीची शाळा.

परकारांनी प्लग काढून वर्तमानपत्रावर मांडले:
तीन बिस्किटाच्या रंगाचे, चौथा जरा काळा.
"हा काय तरी बोलतोय," म्हणाले.
पण तो फार बोलला नाही.
वायरी बदलल्या. मॅनिफोल्डभोवती फवारा मारून
कुठं हवा ओढतेय का पाहिलं.
लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनाला,
डोळे मिटून इतका वेळ उभे
की मला वाटलं, डुलकी लागली.
"आवाज चांगला आहे."
हाच तर त्रास.

चार बिलं. चारही मी तारखेवार लावली.
मला एवढंच येतं: फरक सापडेपर्यंत
तेच रकाने पुन्हा पुन्हा बेरजेला घेणं.
इथं बेरीज माझ्यादेखत बरोबर यायची
आणि माझ्यामागं चुकायची.
अर्थच लागत नव्हता.

पाचव्यांदा परकार म्हणाले, आज काय खोलायचं नाय.
चालू ठेवा. बसा.
बसलो. समोर त्यांचा तो मोठा पंखा,
कुठल्याशा जहाजातून निघालेला,
नेहमीसारखा आमच्यावर आणि बॉनेटवर रोखलेला.
त्यांच्या भाचीनं, सनोबरनं, चहा आणला,
मडगार्डवर ठेवला.
शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं काहीतरी जाड जोडायला घेतलं
आणि फ्यूज उडाला.
पंखा थांबला.
सनोबर भांडायला शेजारी गेली.
घाम. माश्या. नऊ मिनिटं.
मग आत, रेडिएटरमागं, गाडीचा स्वतःचा पंखा
खट् करून लागला,
आणि चहात वर्तुळं उठली.

परकार हसले. वरचा एक दात नाही, हे तेव्हा कळलं.
"म्हणजे इतके दिवस
आम्हीच तिला वारा घालत होतो."

काळी जम्पर बॅटरीवरून थेट इंजिनाच्या अंगाला टेकवली:
शांत.
काढली: थरथर.
टेकवली: शांत.
तीनदा केलं. तिसऱ्यांदा निव्वळ मजेखातर.
मग बॅटरीच्या ताटाखाली हात घालून ओढून काढली
तांब्याची विणलेली पट्टी,
खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली,
सात-आठ तारांवर लोंबकळणारी.
"अर्थ सुटलाय, बाई.
लोखंडाची गाडी कुठूनही अर्थ घेते.
फायबरला बांधूनच द्यावा लागतो."

नवी पट्टी, दोन बोल्ट, नखाएवढं ग्रीस.
एकशे ऐंशी रुपये, आणि वर वेल्डिंगवाल्याचा चहा.
जुनी पट्टी मी मागून घेतली,
फायली मागं सारून सीटवर ठेवली.

रे रोडच्या सिग्नलला लाल. ऐंशी सेकंद.
पंखा लागला, खट्.
शेजारच्या स्कूटरवरून एक पोरगा वाकला,
सगळे विचारतात तेच:
"काकी, किती देते?"
थांब रे, म्हटलं.
ऐकू दे.