घ मध्ये ग

तुर्भे स्टोअरच्या समाजमंदिरात
आम्ही एकतीस सेविका, सतरंजीवर मांडी घालून.
पंखा एकच, तोही मंचाकडे तोंड करून.
बाविसावं वर्ष माझं.
अशी प्रशिक्षणं मी चहाच्या कपांवरून मोजते.

शिकवायला आलेली ऋजुता माझ्या सुनेच्या वयाची.
फळ्यावर तिनं एकही आकडा काढला नाही.
म्हणाली, आजपुरते एक-दोन-तीन विसरा.
क म्हणजे एक, ख म्हणजे दोन,
पुढचं तुमचं तुम्ही लावा, फक्त ङ सोडा.
आम्ही हसलो. घडाघडा म्हणून दाखवलं,
क ख ग घ च छ ज झ,
पोरं म्हणतात तसं, हेल काढून.

मग ती म्हणाली, सुगंधाताई,
घ मध्ये ग मिळवा.

हॉल गप्प.
बाहेर खाणीचा डंपर मागे येत होता, तेवढाच आवाज.
मी घ पाशी उभी. ग कुठं ठेवू?
हात पदराखाली नेला
आणि बोटं उघडली, एकेक, चोरून,
च... छ...
ज, म्हटलं शेवटी. खाली बघून.

बोटांवर मोजणाऱ्या किती हातांना
मी पट्टी लावली असेल.
मारली नाही हं, नुसती टेकवली,
बोटं नको, डोक्यातून सांग, म्हणत.
त्या हातांचा पट माझ्याकडे नाही.

आई माझी रबाळ्यात सुके बोंबील विकायची.
शाळेचा उंबरा तिनं पाहिला नाही.
गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकताना
पहिल्याला ती एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची.
लाभ, दोन, तीन, चार, झाला गंडा.
पाच गंड्यांची कोडी.
तोंडातला शब्द नि हातातला मासा
एकदमच सुटायचे, मध्ये फट नाही.
ऋजुता दीड तास हेच सांगत होती,
आणि मला वाटत होतं
वरून काहीतरी नवीन आलंय.

सोमवारी अंगणवाडीत यल्लाप्पाला पुढं बसवलं.
खाणीवरच्या वडारांचा, साडेचार वर्षांचा,
पाहुणे आले की उभा करायचा माझा हुकमी मुलगा,
पन्नासपर्यंत एका दमात.
त्याच्यासमोर पाच खडे ठेवले.
एक दोन तीन चार पाच.
मग किती आहेत?
एक दोन तीन चार पाच.
हो रे, पण किती?
त्यानं माझ्याकडे बघितलं, बाईंना ऐकू येत नाही की काय,
आणि परत एकपासून, जरा मोठ्यानं.

तेवढ्यात खिचडी आली.
मदतनीस रजेवर, म्हणून ताटल्या नागव्वा मांडत होती.
तिच्या नावापुढे मी जूनपासून लिहितेय,
अंक येत नाहीत.
एका मुलापुढे एक, एका मुलापुढे एक.
रांग संपायच्या आधीच थांबली.
हातातल्या ताटल्या बघितल्या, उरलेली तोंडं बघितली.
"बाई, दोन कमी."
मोजलं नव्हतं तिनं.
मी मोजलं, बोटांनी, सगळ्यांदेखत.
दोनच कमी होत्या.

जाताना यल्लाप्पा दारातून परत आला.
खड्यांवर पालथा पंजा ठेवला,
म्हणाला, "एवढे."
मी पाच म्हणवून घेतलं नाही.
उद्या बघू.

संध्याकाळी मोबाईलवर माहिती भरायची असते.
पन्नासपर्यंत अंक म्हणणारी मुले, आणि एक चौकट.
आधी एक घातला, यल्लाप्पाचा. मग पुसला.
नागव्वाला कुठली चौकट, शोधत राहिले,
वर, खाली, परत वर.
काचेवर बोट तसंच.