स्वयंपाकघरात बस

एदेल्मिरा बारीयाने बत्तीस वर्षं
समुद्राकडे पाठ करून बटाटे लावले.
चिलोएच्या बेटांवर हे सोपं नाही.
एका समुद्राकडे पाठ केली
की तोंडासमोर दुसरा येतो.

नवरा आणि धाकटा भाऊ एकाच होडीत होते.
होडी परत आली, रिकामी,
आत वल्ही नीट आडवी ठेवलेली.
त्यानंतर तिने पाण्यावरच्या फळीला पाय लावला नाही.
पलीकडच्या बेटावर नात झाली,
नातीला दात आले, पडले,
हिला सगळं निरोपातून कळलं.

मग त्या हिवाळ्यात टेकडी खचू लागली.
विहीर गढूळ, कुंपण तिरकं,
पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय
ते आम्ही उभं राहून पाहिलं.
घर हलवायचं ठरलं.
आमच्याकडे घर मोडत नाहीत, ओढतात :
खाली ओंडके, पुढे बैल, मागे अख्खं गाव,
आणि भरती चढली की पिंपं बांधून
लाँचच्या मागे तरंगत, थेट लेकीच्या बेटाला.
मजुरी नाही. जेवण घालायचं,
आणि पुढच्याच्या घराला आपला खांदा द्यायचा.
खांदा काही फक्त शवपेटीला देत नाहीत.
(तिच्या दोघांना तोही मिळाला नव्हता.)

"घर न्या," ती म्हणाली. "मी इथेच राहते."
"कशात?"
"ते माझं मी बघेन."

पाद्री धीर देऊन गेले.
दवाखान्यातल्या बाईंनी झोपेची गोळी देऊ केली.
शेवटी ओर्फेलिना आली,
जिच्याशी एका मेंढीवरून सहा वर्षं अबोला होता.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
"होडीत बस असं कोण म्हणतंय तुला?
तू तुझ्या स्वयंपाकघरात बस."

म्हणून ती बसली.
टेबल भिंतीला बांधलेलं, चूल पेटलेली,
पेटवू नका म्हणून एलिएसेर लाँचवरून ओरडतोय,
आणि चार बायका पोतंभर बटाटे सोलताहेत.
मी नऊ वर्षांचा. मला काम दिलं होतं
मांजर धरायचं.
तिला धीर धर असं कुणी म्हणालं नाही.
सुरी धर म्हणाले.

खाडीच्या मधोमध दोर सैल पडला.
घर हळूच वळलं, आपल्याच खिडकीतून
आपलं जुनं गाव समोरून निघून गेलं,
आणि फळ्यांच्या फटींतून पाणी आलं,
गार, काळं, घोट्यापर्यंत.
सुरी पडली.
"मला भीती वाटते," ती म्हणाली,
अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मलाही," ओर्फेलिना म्हणाली. "मला तर पोहताही येत नाही."
"मलाही नाही," दुसरी.
तिसरी नुसतीच हसली, रडल्यासारखी.
बाकावर पाय घेता आले असते.
कुणी घेतले नाहीत.
त्या पाण्यात मी टेबलाखाली पाय मोजले,
आठ, माझे धरून दहा,
मांजर माझ्या खांद्यावर नखं रोवून.
ओर्फेलिनाने वाकून सुरी शोधली, पुसली, तिच्या हातात दिली.
"आणि साल जरा पातळ काढ.
निम्मा बटाटा वाया घालवतेस."

पलीकडे पोचलो तर ओहोटी.
चिखलात रुतून दोन तास बसलो, बटाटे उकडून खाल्ले.

भीती गेली असं ती कधी म्हणाली नाही.
होडीत ती नंतरही बसली नाही.
पण संध्याकाळी लाँच परत निघाली तेव्हा
ओर्फेलिना मागच्या कठड्यावरून ओरडली,
"आणि ती मेंढी माझीच होती!"
एदेल्मिरा तरातरा उतारावरून धावली,
तिची खूण काय, कान कुठला कापलेला, साक्षीला कोण,
एकेक मुद्दा हात नाचवत सांगत राहिली,
लाँच दिसेनाशी होईपर्यंत.

मग नातीने मागून हाक मारली.
तिने खाली पाहिलं.
ती गुडघाभर समुद्रात उभी होती.