खिळे जुळवणाऱ्याचं म्हणणं

ग्राइफ्सवाल्डला समुद्राचा वारा फटीतून
थेट माझ्या खिळ्यांच्या खणात यायचा.
प्राध्यापक लेबेरेश्ट डेनेके
ओली छत्री दाराशी टेकवून विचारत,
"तेराव्या पानाचं काय झालं, हिनर्क?"

मला लॅटिन येत नाही. उलटी अक्षरं येतात.
एवढं कळलं होतं, की कुणा रोमन माणसानं
मधमाश्यांवर लिहून ठेवलं,
आणि नक्कल करताना मठातल्या लेखनिकाला
डुलकी लागली.
मेल की फेल? मध की पित्त?
एका अक्षरापायी अकरा वर्षं.
बायको गेली त्या हिवाळ्यातही
मुद्रितं वेळेवर परत आली,
समासात मुंगीच्या पायांची शाई.

जो शब्द दुरुस्तच होत नाही
त्याच्या दोन्ही अंगांना ते क्रूस लावत.
"अंदाजानं भरायचं नाही," म्हणत,
"गेलं ते गेलं असंच दाखवायचं."
माझ्याकडे क्रूसाचे सहाच खिळे. पुरत.

सोळा साली पुरेनात.
दैनिकाच्या यादीत दर नावापुढे एक.
शेजारच्या छापखान्यातून उसने आणले.
डेनेके, योआखिम. वय एकोणीस.
खिळे मीच उचलले.

सकाळी ते आले. पाऊस होता, छत्री नव्हती.
यादीचं मुद्रित मागून घेतलं,
चष्मा पुसला,
आडनावातलं सुटलेलं अक्षर भरलं,
आणि क्रूसाशेजारी पेन्सिलनं, अगदी फिकट,
एक प्रश्नचिन्ह.

ते मी छापलं नाही.
तो खिळा मात्र
उसना होता तरी परत केला नाही.