अडतीस मिलिमीटर

ओहोटीला आम्ही अठ्ठावीस बायका चिखलात उतरतो.
पाठी वाकवून फावडं ओढतो
आणि हाती लागेल ती शिंपली
पितळी मापात घालून बघतो.
खाली पडली, तर पोर आहे अजून.
जा बाई, परत जा.

माप सरकारचं, आकडा आमचा.
तीन हिवाळे भांडलो त्या आकड्यासाठी
संघाच्या माडीवर, ओले बूट दाराशी काढून.
सांतियागोहून साइंसा यायची, नकाशा अंथरायची,
आमच्या एरुंदिनाला विचारायची, ही वाळू कुठवर जाते?
एरुंदिना बोटानं दाखवायची.
बोट नकाशाच्या बाहेर जायचं,
टेबलाच्या कडेपर्यंत.

रात्रीची राखण पाळीपाळीनं.
मार्चमध्ये माझ्या टॉर्चच्या उजेडात सापडला
एलादियो, नणंदेचा मुलगा.
नऊ किलो तिसऱ्या, सगळ्या अडतीसच्या आतल्या.
त्या कागदावर दोन सह्या लागतात.
खात्याची सही शहरात राहते.
माझी इथंच असते;
पावाच्या दुकानात नणंद तिच्याकडे पाठ करून उभी राहते.

आणि नोव्हेंबरात वरच्या धरणाची दारं उघडली.
पाच दिवस खाडीत गोडं पाणी.
सहाव्या दिवशी उतरलो, तर
तिसऱ्या तोंडं वासून पडलेल्या,
मापातून सुटणाऱ्या, न सुटणाऱ्या,
एलादियोनं परत टाकलेल्यासुद्धा.

साइंसा आली. गुडघाभर चिखलात उभी राहिली.
खोटं कशाला बोलू, रडली ती.
म्हणाली, धरण आमच्या खात्याकडे नाही.
एरुंदिना नाक पुसत म्हणाली,
म्हणजे चिखल तुझा नि माझा मिळून.
पाणी कुणाचं गं?

नुकसानीचा अर्ज आला.
कारण: जादा पकड. चोरी. रोग. इतर.
'इतर'पुढे दीड बोट जागा.
मी लिहायला घेतलं.
ओळ समासात शिरली, समासातून खाली उतरली,
कागद उलटला तरी थांबेना.

मेलेल्याही मोजाव्या लागतात, असा नियम आहे.
आम्हीच केलेला, दुसऱ्या हिवाळ्यात.
मोजत होतो.
साइंसाही वाकली आमच्या रांगेत.
फावडं उलटं धरलं होतं तिनं.
कुणी काही बोललं नाही,
एरुंदिनानं नुसतं ते तिच्या हातात फिरवून दिलं.