कोपरा किती?

शिवोलीला एर्मेलिंदबाईच्या सालात
मंगळवारी साडेसहाला आम्ही जमतो.
प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या, त्यांतली एक लंगडी.
तिच्यावर योताम बसतो, हैफाचा,
स्कूटर भाड्यानं देतो, देव मानत नाही
आणि एकही मंगळवार चुकवत नाही.

शिकवते तमारा. मॉन्ट्रियलची रब्बी,
आखूड केसांवर विणलेली टोपी.
बाई शिकवते म्हणून झल्मान आत येत नाही.
काळी हॅट मांडीवर घेऊन तो बाल्कांवात बसतो,
शिंपल्यांच्या खिडकीला पाठ लावून,
आणि तिथूनच तिचा उच्चार दुरुस्त करतो.
ती म्हणते, 'तोदा.' तो म्हणतो, 'पुढे.'

मी सिगुल्ला झिराडकर, रेवदंड्याची,
म्हापशाच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स.
मला हिब्रू वाचता येतं, कळत नाही.
शिमशोनकाकांना कळतं, पण आता दिसत नाही.
तर मी मोठ्यानं वाचते, ते मराठीत फोड करतात,
आणि ते मराठी मी तोडक्या इंग्रजीत पुढे सरकवते,
ताट सरकवावं तसं.

आज एकच ओळ होती.
पीक कापताना शेताचा कोपरा राखायचा,
गरिबासाठी, परक्यासाठी.
कोपरा म्हणजे किती?

'साठावा हिस्सा,' खिडकीतून झल्मान. 'कमी चालणार नाही.'
'आणि ज्याच्याकडे शेत नाही, पगार आहे?' तमारा.
'मी परका,' योताम म्हणाला, 'व्हिसा संपत आलाय.
माझा कोपरा कुठे?'
हसलो सगळे. मग हसू विरलं.

शिमशोनकाका म्हणाले, नवगावला आमचा घाणा होता.
तेल काढून झालं की आजोबा बुधल्यात बोटभर ठेवायचे,
ज्या घरी दिवा नाही त्या घरासाठी.
तोही कोपराच की.
'शनवार तेली,' मी तमाराला समजावलं,
शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं पाडलेलं नाव.
नावच फक्त. पुढे कुणी काही केलं नाही.

पोईची टोपली घेऊन एर्मेलिंदबाई दारात उभी होती.
म्हणाली, इथे कधीकाळी
शनिवारी ज्याच्या चुलीतून धूर नाही
त्याचं नाव शेजारी जाऊन सांगायचे.
'माझ्या माणसांनीही सांगितलं असेल.
आमच्या बाजूनं कुणी लिहून ठेवलं नाही.'

पंखा फिरत राहिला. खाजनाकडून चिखलाचा वास.
झल्मान सोप्यावरून उठला
आणि उंबऱ्यापर्यंत आला.
शोभेलसं वाक्य कुणालाच सुचेना.

शेवटी तिनंच टोपली खाली ठेवली,
मानशीपलीकडच्या शेताकडे बोट दाखवलं:
'आमी लेगीत एक कोनसो सोडटात.
राखणदाराक.'

राखणदार कोण, ते मी झल्मानला सांगू लागले
आणि अडखळले. मला येणारा प्रत्येक शब्द
त्याला उंबऱ्यावरून मागे ढकलणारा.
'शेत राखतो तो,' एवढंच म्हटलं.
'आणि ते पीक शेवटी नेतं कोण?'
'बगळे. पोरं. जो येईल तो.'
त्यानं दाढी चाचपली. वाद घातला नाही.

निघताना मोजणी झाली, नेहमीसारखी.
झल्मानच्या हिशेबात पुरुष सात, दहा भरत नाहीत.
तमाराच्या हिशेबात आम्ही अकरा, वर एक.
योताम म्हणतो, मला कशातच धरू नका.
मी कप मोजले.
झल्मानचा काचेचा ग्लास, घरून आणलेला,
आज आत, टेबलावर राहिला होता.
तो मी वेगळा धुतला, नव्या घासणीनं,
त्याला चालेल तसा.

'पुढच्या मंगळवारी कुठली ओळ?' काकांनी विचारलं.
'हीच,' तमारा आणि झल्मान एकदम म्हणाले,
आणि दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.